चार बासरीवादक आणि श्री राग

चार-पाच वर्षांपूर्वी नववीची सहल घेऊन आम्ही खुलदाबाद-वेरूळला गेलो होतो. मराठवाड्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेची सहल म्हटली की खुलदाबाद ठरलेलेच. सकाळी दर्गाहांची जियारत, औरंगजेबाच्या साध्या कबरीपाशी फातेहा, दुपारी झाडाखाली डबे आणि मग उतारावरून वेरूळची लेणी. लेण्यांबाहेरच्या एका गाड्यावरून आमच्या एका विद्यार्थ्याने बांबूची बासरी विकत घेतली. परतीच्या बसमध्ये तो ती फुंकू लागला. सूर लागत नव्हते, पण पोर रमले होते. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, ये तो किशन का बाजा है, घर ले जाएगा क्या?" मुले हसली. बरोबरच्या सहकाऱ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही उठलो, बासरी काढून घेतली आणि "शाळेत मिळेल" असे सांगून पिशवीत टाकली.

शाळेत ती कपाटात गेली आणि तिथेच राहिली. शिस्तीचे कारण आम्ही पुढे केले होते. खरे कारण वेगळे होते. उद्या कोणी पालक येऊन काही म्हणतील, ही धास्ती होती. मुलाने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. पुढे तो दहावी होऊन निघून गेला.

गेल्या वर्षी आमच्या एका स्नेह्यांनी मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण पाठवले. फ्रेंच संगीतकार आल्बेर रुसेल यांची बासरी आणि पियानोसाठीची रचना, नाव 'जुअर द फ्लूत', म्हणजे 'बासरीवादक'. सन १९२४. चार छोटे तुकडे, सगळे मिळून जेमतेम दहा मिनिटांचे. त्यातल्या तिसऱ्या तुकड्याचे नाव वाचून आम्ही थबकलो. नाव होते 'कृष्ण'. तो तुकडा ऐकला, पुन्हा ऐकला आणि कपाटातली बासरी आठवली. पॅरिसमध्ये बसून एका फ्रेंच माणसाने ज्याचे सूर लिहिले, त्याचे वाद्य आम्ही वेरूळच्या पायथ्याशी मुलाच्या हातून काढून घेतले होते. मग या रचनेचा इतिहास शोधायला बसलो. शोधता शोधता वाट फिरून पुन्हा वेरूळलाच आली. ती हकिगत वाचकांपुढे मांडत आहोत.

जहाजावरचा माणूस

आल्बेर रुसेल यांचा जन्म ५ एप्रिल १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधल्या तुरक्वें या कापडगिरण्यांच्या गावी झाला. लहानपणीच आईवडील गेले. आधी आजोबांनी आणि मग मावशी-काकांनी सांभाळ केला. पोरक्या मुलाला समुद्राची ओढ होती. अठराव्या वर्षी, म्हणजे १८८७ साली, तो नौदलाच्या शाळेत दाखल झाला. पुढे जहाजावरून आग्नेय आशियात, तेव्हाच्या कोचीन-चायनापर्यंत, जाऊन आला. जहाजावरच्या फावल्या वेळात सूर जुळवण्याचा नाद वाढत गेला आणि १८९४ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याने नौदलाचा राजीनामा दिला.

पंचविशीत नोकरी सोडून विद्यार्थी होणे सोपे नसते. बी.एड.च्या वर्गात आमच्यापेक्षा वयाने मोठे विद्यार्थी बसत, त्यांचे संकोचलेले चेहरे आम्हाला आठवतात. रुसेल मात्र नेटाने शिकले. १८९८ पासून पॅरिसच्या 'स्कोला कांतोरुम' या संगीतशाळेत व्हँसाँ दँदी यांच्या हाताखाली शिकले आणि १९०२ पासून त्याच शाळेत शिकवू लागले. प्रतिस्वर-रचना, म्हणजे दोन-तीन स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी चालवण्याचे शास्त्र, हा त्यांचा विषय. चाळिशीकडे झुकलेला एरिक साती त्यांच्याकडे शिकायला आला तो इथेच. नवे संगीत घडवणारा एदगार व्हारेझही त्यांचाच विद्यार्थी. म्हणजे रुसेल आमच्या बिरादरीचे, मास्तरच. १९१४ पर्यंत त्यांनी मास्तरकी केली.

१९०८ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव ब्लांश. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या शरद ऋतूत, नवराबायको हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले. मुंबईला उतरले. वेरूळ, जयपूर, उदयपूर, चितोड, बनारस पाहिले. तिथून सिलोन आणि पूर्वेकडचे देश. एकेकाळचा नौदल अधिकारी आता सरकारी गणवेश उतरवून त्याच समुद्रावरून चालला होता. फरक इतकाच की या खेपेस त्याला कोणाचा हुकूम नव्हता.

वेरूळच्या डोंगराखाली

१९०९ साली वेरूळ निजामाच्या राज्यात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. हैदराबादच्या गादीवर मीर महबूब अली खान होते. बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी एका डोंगराच्या कुशीत. त्यांतले सोळावे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते अखंड कातळातून, कळसापासून पायाकडे कोरत आणले गेले. रुसेल यांनी तिथल्या गाभाऱ्यांत काय अनुभवले ते त्यांच्या संगीतातून कळते. प्रवासानंतर, १९१०-११ मध्ये, त्यांनी वाद्यवृंदासाठी 'एव्होकासिओं' ही तीन भागांची रचना केली. तिचा पहिला भाग, 'गुहांच्या सावलीतले देव', वेरूळवरचा. दुसरा जयपूरवरचा, तिसरा बनारसच्या गंगाकाठावरचा. घाटावर गाणाऱ्या एका तरुण फकिराची चाल त्यांनी तिसऱ्या भागात घेतली. १९१२ साली ही रचना पॅरिसमध्ये सादर झाली.

म्हणजे आमच्या जिल्ह्याशेजारचा डोंगर पॅरिसच्या मैफलीत जाऊन बसला, आणि आमच्या किती शिक्षकांना हे ठाऊक आहे? आम्हालाही नव्हते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. वेरूळ पाहून थक्क झालेला परधर्मीय पाहुणा म्हणून रुसेल पहिले नाहीत. त्यांच्या तीनशे वर्षे आधी विजापूरच्या आदिलशाहीतले एक इराणी अधिकारी, रफीउद्दीन शिराजी, यांनी 'तजकिरतुल मुलूक' या फारसी ग्रंथात या लेण्यांचे विस्ताराने आणि कौतुकाने वर्णन केले आहे. त्यांचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह हा स्वतः दख्खनीत 'किताबे नौरस' लिहिणारा. त्या पुस्तकातल्या गीतांवर रागांची नावे आहेत आणि त्यात सरस्वतीचे आणि हजरत गेसूदराजांचे नाव एकाच आदराने येते. पुढे औरंगजेबाच्या राजवटीचा इतिहास लिहिणाऱ्या साकी मुस्तैद खानानेही 'मआसिरे आलमगिरी'त वेरूळची नोंद पाहण्याजोगे नवल म्हणूनच केली आहे. ज्या बादशाहाची कबर खुलदाबादला आहे, त्याच्याच इतिहासकाराची ही लेखणी. तिथून लेणी हाकेच्या अंतरावर.

खुलदाबादचे हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब हे चिश्ती सूफी, वफात १३३७. समा, म्हणजे भक्तीचे संगीत ऐकणे, हा त्यांच्या खानकाहचा प्राण होता. समात तल्लीन होऊन डोलण्याची त्यांच्या मुरिदांची रीत इतकी प्रसिद्ध होती की तिला त्यांच्याच नावाने ओळखत. संगीत जायज की नाजायज, यावर आपल्या आलिमांत शतकानुशतके मतभेद आहेत. तो निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. पण त्या दिवशी सकाळी आम्ही ज्या चौखटीला सलाम केला, तिथे संगीत ऐकले जात होते आणि संध्याकाळी आम्ही बासरी जप्त केली, एवढी विसंगती मान्य करायला हवी.

पद्मावतीचा अलाउद्दीन

चितोडचे अवशेष पाहून रुसेल यांच्या मनात दुसरी एक रचना रुजली. 'पद्मावती' हा त्यांचा नृत्यनाट्यमय ऑपेरा. तो महायुद्धाच्या वर्षांत लिहून झाला आणि १ जून १९२३ रोजी पॅरिसच्या ऑपेरा रंगमंचावर आला. याची संहिता लुई लालुआ यांची. त्यांनी आधार घेतला तेओदोर पावी या फ्रेंच पंडिताच्या १८५६ च्या पुस्तकाचा, आणि पावी यांच्या मागे उभे होते आपले मलिक मुहंमद जायसी. जायसींनी १५४० साली अवधीत 'पद्मावत' लिहिले. एका सूफी शायराची कथा अशी फिरत फिरत पॅरिसला पोहोचली.

पोहोचताना ती बदलली. जायसींचे काव्य हे रूपक आहे. त्यात अखेर अलाउद्दीनच्या हाती राख येते, आणि ती राख सगळ्या दुनियादारीवरची टिप्पणी ठरते. पॅरिसच्या रंगमंचावर रूपक गळून पडले. उरला तो दुसऱ्याची राणी मागणारा सुलतान. संगीत थोर असेल, पण पूर्वेकडच्या माणसाला क्रूर आणि कामुक दाखवण्याची युरोपची जी जुनी सवय होती, तिच्यातून रुसेल तिथे सुटलेले नाहीत. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. आपल्याबद्दल कोणी चांगले लिहिले की आपण त्याला डोक्यावर घेतो, वाईट लिहिले की पायदळी तुडवतो. एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडू शकते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवायला हवे. ऑपेरानंतर अवघ्या एका वर्षाने याच रुसेल यांनी 'बासरीवादक' लिहिले. इथे रंगमंच नाही, सेनापती नाहीत, झगमगाट नाही. एक बासरी, एक पियानो. आणि इथे त्यांचा हात कितीतरी हलका पडला आहे.

चार नावे, चार वादक

या रचनेतले चार तुकडे चार बासरीवाल्यांवर आहेत. पहिला पान, ग्रीकांचा शेळीच्या पायांचा रानदेव. त्याने एका वनकन्येचा पाठलाग केला. तिने आपले रूप पालटून बोरू होणे पत्करले. पानने तेच बोरू कापून पावा केला. दुसरा तितीर, रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतातला मेंढपाळ. तिसरा कृष्ण. चौथा मस्यो द ला पेजोदी. हा कोणी देव नाही आणि पुराणातलाही नाही. आंरी द रेन्ये यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा तो नायक. म्हणजे ग्रीस, रोम, हिंदुस्थान आणि फ्रान्स एका ओळीत बसवले आहेत आणि चौघांच्या हाती एकच वाद्य आहे.

यातल्या तितीरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. व्हर्जिलच्या काळी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, रोममधल्या यादवीनंतर शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेऊन सैनिकांना वाटल्या गेल्या. पहिल्या गोपगीतात दोन मेंढपाळ भेटतात. तितीरची जमीन वाचली आहे, तो झाडाच्या सावलीत पावा वाजवतो आहे. दुसऱ्याची गेली आहे, तो शेरडे हाकत देशोधडीला निघाला आहे. रुसेल यांनी तितीरला जेमतेम एक मिनिट दिले आहे. चपळ, खेळकर सुरांचा तुकडा. पण ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे, त्याला त्या खेळकरपणामागे वाट तुडवत चाललेला दुसरा माणूस दिसत राहतो. रुसेल स्वतः महायुद्धातून आलेले होते. वयाची पंचेचाळिशी, तब्येत नाजूक, तरी आघाडीवर वाहतुकीच्या तुकडीत राबले, व्हर्दंचा रणसंग्राम जवळून पाहिला आणि १९१८ च्या आरंभी आजारी होऊन परतले. १९२२ साली त्यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, व्हारांजव्हीलजवळ, घर घेतले. आपली सावली शाबूत राहिलेल्या माणसाने तितीर निवडावा, हे आम्हाला उगाच वाटत नाही.

चार तुकडे त्यांनी त्या काळच्या चार जिवंत वादकांना अर्पण केले. पान मार्सेल मॉईजला, तितीर गास्तों ब्लांकारला, कृष्ण लुई फ्लरीला, पेजोदी फिलिप गोबेरला. हे चौघेही पॉल ताफानेल या एकाच उस्तादाचे शागीर्द. ताफानेल १८९३ पासून पॅरिसच्या सरकारी संगीत महाविद्यालयात बासरी शिकवत आणि फ्रेंच बासरीचे जे घराणे म्हणतात ते त्यांच्यापासून सुरू झाले. गोबेर हे ताफानेल यांची शिकवण ग्रंथरूपाने पुरी करणारे. शिवाय 'पद्मावती'च्या पहिल्या प्रयोगाचे संचालनही त्यांनीच केले होते.

या घराण्यामागे एका यंत्राचा इतिहास आहे. जुनी युरोपीय बासरी लाकडाची असे, तिचे काही सूर दुबळे निघत. म्युनिकच्या थिओबाल्ड बोम यांनी १८४७ साली धातूची सरळ नळी, शास्त्राने ठरवलेल्या जागी मोठी छिद्रे आणि बोटांऐवजी छिद्रे झाकणाऱ्या चाव्या अशी नवी बासरी बनवली. १८६० मध्ये पॅरिसच्या महाविद्यालयाने ती स्वीकारली. फ्रेंच कारागिरांनी तिला चांदीत घडवले. त्यामुळे बारा स्वर सारख्याच ताकदीने, हवे तितक्या वेगाने निघू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये बासरीसाठी इतके संगीत लिहिले गेले, त्याचे अर्धे श्रेय या चांदीच्या नळीला आणि ताफानेल यांच्या वर्गाला आहे. क्लोद देब्यूसी यांनी १९१३ साली एकट्या बासरीसाठी 'सिरिंक्स' लिहिले, तेही पानवरच, आणि ते पहिल्यांदा वाजवले याच लुई फ्लरीने. दोन वर्षांनी, कर्करोगाने पोखरलेल्या शरीराने आणि युद्धाच्या चिंतेत, त्यांनी बासरी, व्हायोला आणि हार्प यांच्यासाठी सोनाटा लिहिला. रुसेल यांचे 'बासरीवादक' या परंपरेतले पुढचे पाऊल. १९२५ साली पॅरिसमध्ये ते पहिल्यांदा सादर झाले, तेव्हा ओठांशी बासरी फ्लरीचीच होती. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, फ्लरी गेला.

श्री रागातला कृष्ण

आता त्या तिसऱ्या तुकड्याकडे येऊ. पानसाठी रुसेल यांनी ग्रीकांच्या नावाने ओळखला जाणारा जुना डोरियन स्वरसमूह घेतला. कृष्णासाठी त्यांनी जो घेतला, तो कोणाही हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला ओळखू येईल. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. हे श्री रागाचे स्वर. मोजणी सात-सातची, आपल्या रूपक तालाच्या मात्रांइतकी. संथ चालीत बासरी वळणे घेत वर जाते, थांबते, उतरते. खाली पियानो दबक्या आवाजात एकच पालुपद धरून असतो.

श्री हा काही गोकुळातल्या खोड्यांचा राग नव्हे. रागमालांमध्ये सहा मुख्य रागांत त्याची गणना होते. तो दिवेलागणीचा, सूर्य बुडताना गायचा, भारदस्त आणि गंभीर राग. कृष्ण म्हटले की स्वस्तात हाती लागणारी गोड चाल रुसेल यांना घेता आली असती. त्यांनी अवघड आणि उदास राग घेतला. आमच्या मते या माणसाचा प्रामाणिकपणा इथे दिसतो. परक्याच्या देवाला त्यांनी खेळणे केले नाही.

तरीही हा राग नव्हे, हे समजून घ्यायला हवे. रागात स्वरांच्या यादीहून बरेच काही असते. श्री रागात चढताना गंधार आणि धैवत गाळतात, उतरताना घेतात. रिषभावरून पंचमावर जाणारी जी लांब मींड आहे, तिच्यात रागाचा जीव. शिवाय त्याचा कोमल रिषभ नेहमीच्या कोमलपेक्षाही उतरलेला लावतात. पियानोच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या, त्यांच्यावर तो रिषभ मिळणार नाही. चाव्यांच्या बासरीवर मींडही मनासारखी येणार नाही. बांबूच्या बासरीवर बोट अर्धे उचलून, सरकवून जे साधते, ते चांदीच्या यंत्राला जड जाते. रुसेल यांच्या हाती रागाची वर्णमाला लागली, भाषा लागली नाही. पण वर्णमाला काळजीपूर्वक शिकणाऱ्या परक्या माणसाला आम्ही शिक्षक तरी हसणार नाही.

ज्या सुमारास रुसेल मुंबईला उतरले, त्याच सुमारास त्याच शहरात पंडित विष्णु नारायण भातखंडे रागांची दहा थाटांत मांडणी करत होते. त्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० साली निघाला, आणि तो मराठीत. श्री रागाला त्यांनी पूर्वी थाटात ठेवले. ज्या बंदिशी त्यांनी वर्षानुवर्षे हिंडून गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी मुसलमान उस्तादांच्या घरांतून आल्या होत्या.

आणखी एक गंमत इतिहासाने करून ठेवली आहे. १९२४ साली फ्लरीच्या बासरीसाठी श्री रागाचे स्वर लिहिले गेले, तेव्हा खुद्द उत्तर हिंदुस्थानात बासरीला शास्त्रीय मैफलीत स्वतंत्र जागा नव्हती. ती गुराख्यांच्या, जत्रांच्या आणि भजनांच्या कामाची समजली जाई. तिला मोठी, खर्जाची करून ख्यालाच्या बैठकीत आणले पन्नालाल घोष यांनी, पुढच्या दशकांत. त्यांच्या उस्तादांची नावे पाहा. हार्मोनियमवादक खुशी मोहम्मद खान, आणि नंतर मैहरचे बाबा अलाउद्दीन खान. किशनचा बाजा मैफलीत बसवणाऱ्याला तालीम दिली ती यांनी. बसच्या मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हे सांगायला तेव्हा आमच्याकडे ज्ञान नव्हते.

पाचवा वादक

रुसेल यांच्या यादीत आम्हाला एक जागा रिकामी दिसते. पान आहे, तितीर आहे, कृष्ण आहे, पेजोदी आहे. मौलाना रूमींची नय नाही. 'मसनवी'ची सुरुवातच बासरीच्या तक्रारीने होते. बेटातून कापून आणलेली वेळूची नळी आपल्या विरहाचे दुःख सांगते. ग्रीकांच्या पानच्या कथेतही कापलेला बोरूच आहे. दोन्ही ठिकाणी आधी तोडणे आहे, मग सूर. रुसेल यांना पाचवा तुकडा लिहायचा असता, तर विषय तयार होता.

आणि सांगणारा माणूसही शेजारीच होता. बडोद्याचे हजरत इनायत खान त्या वर्षांत पॅरिसला लागून असलेल्या सुरेन गावात राहत होते. १८८२ चा जन्म. त्यांचे आजोबा मौलाबख्श यांना सयाजीराव गायकवाडांनी आश्रय दिला, त्यांच्या हातून बडोद्यात १८८६ साली संगीतशाळा उभी राहिली. मराठी राजाच्या शाळेतून निघालेला हा नातू वीणा घेऊन युरोपात गेला, सूफी विचार सांगत राहिला आणि १९२७ साली दिल्लीत निवर्तला. त्यांची मुलगी नूर पॅरिसमध्येच संगीत शिकली. दुसऱ्या महायुद्धात तिने नाझींविरुद्ध गुप्तपणे बिनतारी यंत्र चालवले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घालण्यात आली. एकाच शहराच्या परिसरात, एकाच काळात, एक फ्रेंच माणूस श्री रागाचे स्वर लिहीत होता आणि बडोद्याचा एक मुसलमान गवई तिथल्या लोकांना नादाची महती सांगत होता.

रुसेल २३ ऑगस्ट १९३७ रोजी रुआयाँ येथे वारले. व्हारांजव्हीलच्या कब्रस्तानात, समुद्राकडे तोंड करून, त्यांची कबर आहे.

राहिलेले काम

'हे आपले की त्यांचे', हा प्रश्न आम्हाला शाळेत रोज भेटतो. भाषेबद्दल भेटतो, कपड्यांबद्दल, सणांबद्दल, पुस्तकातल्या धड्याबद्दल भेटतो. आजच्या दिवसांत तो बाहेरून जितका विचारला जातो, तितकाच आतूनही. नजीर अकबराबादींनी कन्हैयावर नज्मा लिहिल्या, मौलाना हसरत मोहानी मथुरेला जात आणि कृष्णावर शेर लिहीत. नमाज-रोज्याचे पक्के असलेल्या हसरतना त्यात अडचण आली नाही. दुसऱ्याचे सुंदर ते सुंदर म्हणायला आपला ईमान कमी पडत नाही, असे त्यांना वाटत असावे. आम्हाला आज तसेच वाटते. पण बसमध्ये वाटले नाही, हेही खरे.

ध्वनिमुद्रण ऐकल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही कपाट उघडले. जुन्या उत्तरपत्रिकांखाली बासरी सापडली. कोरड्या हवेने बांबूला बारीक चीर गेली होती. ती घेऊन मुलाच्या घरी गेलो. तो आता पुण्यात एका गॅरेजमध्ये कामाला आहे. आई दारात आली. "सर, इतने दिन बाद?" एवढेच म्हणाली. आम्ही काय सांगणार? माफी मागितली. तिने बासरी ओढणीने पुसली, फळीवर ठेवली आणि चहा टाकला.

या वर्षीही नववीची सहल खुलदाबाद-वेरूळलाच जाणार आहे. या खेपेस दर्गाहपाशी मुलांना बुऱ्हाणुद्दीन गरीबांच्या समाविषयी सांगायचे ठरवले आहे, कैलासापुढे रफीउद्दीन शिराजींविषयी आणि मोबाइलवर तीन-चार मिनिटे रुसेल यांचा 'कृष्ण' ऐकवायचा आहे. कोणी पालक आले तर त्यांच्याशी बोलू. आणि गाड्यावरून कोणी बासरी घेतली, तर परतीच्या बसमध्ये ती वाजू देऊ. सूर लागले नाहीत तरी चालेल.